राजवाड्यातलं शंभर टक्के आरक्षण

आरक्षणामुळे मेरिट मरतं, असं रोज ऐकवणाऱ्यांना एक पद दाखवायचं आहे. फ्रान्सच्या दरबारात राजाच्या मुलांना वाढवणारी, शिकवणारी मुख्य बाई असे. राजपुत्र सात वर्षांचा होईपर्यंत त्याचं खाणंपिणं, आजारपण, अक्षरओळख सगळं तिच्या हाती. मग मुलगा पुरुष शिक्षकांकडे जाई. मानाचं पद, आणि ते फक्त उमराव घराण्यातल्या बाईसाठी.

चौदाव्या लुईच्या काळात ते ला मोत बाईंकडे आलं. मग त्यांची मुलगी वांतादूर, वांतादूरची नात तालार, तालारची भाची मार्सां, मार्सांची भाची गेमेने. शंभराहून जास्त वर्षं, एकच गोतावळा! १७८२ मध्ये गेमेनेच्या नवऱ्याचं दिवाळं निघालं, तेव्हा कुठे पद घराबाहेर पडलं. तेही कुणाकडे, तर राणीच्या जिवलग मैत्रिणीकडे, पोलिन्याककडे.

यातली प्रत्येक बाई नालायक होती असं मी म्हणत नाही. वांतादूर तर नव्हतीच. १७१२ मध्ये गोवराची साथ आली. राजपुत्रांचे आईबाप एका आठवड्यात गेले. पाच वर्षांच्या थोरल्याचं दरबारी वैद्यांनी रक्त काढलं, तोही गेला. दोन वर्षांच्या धाकट्याला मात्र वांतादूरने वैद्यांच्या हाती लागूच दिलं नाही. दायांना घेऊन ती त्याच्यापाशी बसून राहिली. पोर जगलं, पुढे पंधरावा लुई झालं. तो तिला आईच म्हणायचा.

मित्रांनो, इतिहासात वांतादूरचं नाव राहिलं. त्या दाया? आणि खेड्यापाड्यांत आपली पोरं अशीच जगवणाऱ्या हजारो बाया? त्यांच्यात मेरिट नव्हतं की त्यांना कुणी विचारलंच नव्हतं?

१७८९ ला व्हर्सायमध्ये जी सभा भरली, तिचा दाखला बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत दिला होता. त्याच सभेने ऑगस्टमध्ये हक्कांचा जाहीरनामा काढला. त्याचं सहावं कलम सांगतं की सार्वजनिक पदं सर्व नागरिकांना पात्रतेनुसार खुली राहतील. पोलिन्याक जुलैमध्येच देश सोडून पळाली होती. तिच्या जागी राजाने तूर्झेल नावाची बाई नेमली. तीही उमरावच.

आणि सहाव्या कलमातल्या त्या ‘सर्व नागरिकां’मध्ये बाई धरलीच नव्हती, ना उमरावीण, ना दाई.