आणीबाणीच्या संदेशात एका शब्दाला एकच अर्थ हवा

कुरुद (भिलाई) : कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. भिलाई पोलाद कारखान्यात १२ जून २०१४ रोजी झालेल्या वायुगळतीत दोन उपमहाव्यवस्थापकांसह सहा जणांचा मृत्यू झाला, तो याच वायूमुळे. त्यानंतर ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या वायुवाहिनीला लागलेल्या आगीत दहाहून अधिक जण दगावले. या दुर्घटनांची कारणे तांत्रिक होती. मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या धोक्याची वार्ता माणसाला उपकरणाकडून किंवा दुसऱ्याच्या शब्दांतूनच कळते. त्यामुळे कुरुदसह संपूर्ण पोलादनगरीसाठी वायरलेसवरील भाषा हा सुरक्षेचाच प्रश्न ठरतो.

सागरी आणि हवाई वाहतुकीने या प्रश्नाचे उत्तर शतकापूर्वीच शोधले. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी १९२३ मध्ये ‘मेडे’ हा शब्द सुचवला. ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तो घेतला असून, १९२७ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तो सलग तीनदा उच्चारायचा आणि मग कोण, कुठे, काय घडले, कोणती मदत हवी, किती माणसे आहेत हे सांगायचे. तातडी आहे, पण जिवावर बेतलेले नाही, अशा वेळी ‘पॅन-पॅन’ वापरतात. ‘रॉजर’ म्हणजे केवळ ‘संदेश मिळाला’; त्यात होकार नाही. ‘समजले, तसेच करतो’ यासाठी ‘विल्को’ हा वेगळा शब्द आहे.

हा भेद पाळला न गेल्यास काय होते, हे २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ येथे दिसले. उड्डाणाची परवानगी मिळाल्याच्या समजुतीने एका विमानाने धाव घेतली. नियंत्रकाच्या उत्तरातील ‘ओके’मुळे तो समज दृढ झाला. दोन जम्बो विमानांच्या टकरीत ५८३ जणांचा बळी गेला. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीपुरताच राखून ठेवण्यात आला.

कारखान्यांतील बोलण्यात असे ‘ओके’ पावलोपावली आढळतात. सोव्हिएत साह्याने उभ्या राहिलेल्या भिलाईच्या कारखान्यात १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि अनेक प्रांतांतील कामगार येथे स्थिरावले. हिंदी ही त्यांची समान भाषा. परंतु हिंदीतील ‘ठीक है’ म्हणजे ऐकले, पटले की काम झाले? ‘बंद मत करना’ या वाक्यातील ‘मत’ खरखरीत हरवला, तर आदेशच उलटतो. ‘उन्यासी’ आणि ‘नवासी’ हे अंकही गोंगाटात सहज गफलत करतात. मराठीतील ‘एकोणीस’ व ‘एकोणतीस’ यांचेही तेच.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. आकडे एकेक करून उच्चारणे, आदेश ऐकणाऱ्याने तो शब्दशः परत सांगणे, नकारासाठी वाक्यारंभी स्वतंत्र शब्द ठरवणे आणि गळतीच्या इशाऱ्याचा शब्द इतर कोणत्याही प्रसंगी न वापरणे, एवढे पुरेसे आहे. केवळ इंग्रजी संज्ञांची यादी भिंतीवर लावून हे साधणार नाही. कामगारांच्या रोजच्या भाषेतील शब्द निश्चित करून कंत्राटी कामगारांसह सर्वांकडून त्यांचा नियमित सराव करून घ्यावा लागेल. संकटात माणूस नवे शब्द शोधत नाही. जिभेला सवयीचा असलेला शब्दच बाहेर पडतो.