परत बोलावलेली गोळी आणि न पोचलेला निरोप

बीपीच्या गोळ्या बाजारातून परत मागवल्याची बातमी आली की दोन तऱ्हेची माणसं लगेच बोलू लागतात. पहिली म्हणतात, ‘आम्ही सांगतच होतो, ॲलोपथी म्हणजे विष. बंद करा त्या गोळ्या, सकाळी लसूण चावून खा.’ दुसरी, बहुधा औषधधंद्यातली, म्हणतात, ‘धोका नगण्य आहे, उगाच गाजावाजा करून पेशंटना घाबरवू नका.’ या दोघांचं एरवी कशावरही जमायचं नाही, पण रिकॉल म्हणजे औषधाची नामुष्की, हे दोघांनाही मान्य असतं. माझं भांडण त्याच्याशीच आहे.

2018 सालचं व्हल्सार्टनचं प्रकरण घ्या. चीनच्या झेजियांग हुआहाई या कंपनीने काही वर्षं आधी या औषधाचा कच्चा माल बनवण्याची पद्धत बदलली होती. नव्या पद्धतीत डायमिथाइलफॉर्मामाइड हे द्रावक होतं, आणि उरलेलं सोडियम ॲझाइड निकामी करायला सोडियम नायट्राइट घालत. द्रावकातून सुटलेलं डायमिथाइलअमाइन आणि हे नायट्राइट एकत्र आलं की एनडीएमए तयार होई. हे रसायन प्राण्यांत कॅन्सर करतं आणि माणसांतही करत असावं असं मानलं जातं. ते सापडत नव्हतं, कारण कोणी शोधतच नव्हतं. नेहमीच्या चाचण्या ज्या अशुद्धी अपेक्षित असतात त्यांनाच हुडकतात. जून 2018 मध्ये हुआहाईचा माल घेणाऱ्या एका कंपनीला तपासणीच्या आलेखात एक अनोळखी टोक दिसलं. तिने तक्रार केली, आणि जुलैत युरोप-अमेरिकेत गोळ्या परत मागवायला सुरुवात झाली. मग परत मागवायच्या यादीत एकेक करत लोसार्टन आणि इर्बेसार्टन ही बीपीचीच औषधंही आली, एनडीईए आणि एनएमबीए हे एनडीएमएचे भाऊबंदही आले. त्या यादीत हैदराबादच्या हेटेरो आणि अरबिंदोचा कच्चा माल होता, अहमदाबादच्या टोरेंटच्या गोळ्या होत्या. ‘चिनी माल’ म्हणून नाक मुरडायची सोय राहिली नाही.

आता ‘गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्यांकडे वळू. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, हिशेब मांडला होता: 8,000 माणसांनी सर्वांत मोठा डोस, रोज 320 मिलिग्रॅम, दूषित बॅचमधूनच सलग 4 वर्षं घेतला, तर त्या सगळ्यांच्या उरलेल्या आयुष्यात मिळून कॅन्सरचा एक रुग्ण जास्त निघेल. डेन्मार्कमधल्या 5,150 रुग्णांच्या पाहणीत कॅन्सरचं एकूण प्रमाण थोड्या काळात ठळकपणे वाढलेलं दिसलं नाही. उलट बाजूला काय आहे? कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात रिकॉलनंतरच्या पहिल्याच महिन्यात व्हल्सार्टन घेणाऱ्यांपैकी वाढलेल्या बीपीसाठी इमर्जन्सी विभाग गाठणाऱ्यांची संख्या 55 टक्क्यांनी वाढली. दहातल्या सुमारे एकाने तीन महिन्यांत पर्यायी औषधच घेतलं नव्हतं. कॅन्सरचा धोका आयुष्यभराच्या हिशेबात दिसणारा होता, बीपीने महिन्याभरात गाठलं. लसणाच्या भरवशावर गोळी सोडणाऱ्याला पक्षाघात झाला, तर सल्ला देणारा त्याचा पाय हलवायला येत नाही.

पण हेच आकडे दुसऱ्या गटाच्या हाती द्यायचे नाहीत. ते लगेच म्हणतील, ‘बघा, रिकॉलनेच माणसं आजारी पडली!’ एनडीएमएची रोजची मान्य मर्यादा 0.096 मायक्रोग्रॅम. काही गोळ्यांत ते 17 मायक्रोग्रॅमपर्यंत होतं, म्हणजे पावणेदोनशे पटींच्या घरात. धोका लहान निघाला हे खरं, पण तो लहान आहे हे कळलं कशाने? मोजल्याने. आणि मोजलं गेलं ते तक्रार दाबली गेली नाही म्हणून. मोजण्याआधीच ‘नगण्य’ म्हणणाऱ्याला मी डॉक्टर नाही, एजंट म्हणेन. ऑन्टारिओत चुकलं ते एवढंच, की गोळी परत गेली आणि बदली गोळी वेळेवर आली नाही. हे सांभाळताही येतं. लोसार्टनचा तुटवडा होऊ नये म्हणून 2019 मध्ये एफडीएने एनएमबीएची मर्यादा तात्पुरती दहापट सैल केली आणि तसं उघड सांगितलं. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. लपवलेल्या शून्यापेक्षा सांगितलेले दहा बरे.

तिसराही एक पक्ष आहे, आणि तो आपल्याच घरात आहे: ‘आपल्याकडे असलं काही ऐकू येत नाही, म्हणजे आपला माल ठीक.’ ऐकू येत नाही, कारण सांगायची वाट पेशंटपर्यंत येतच नाही. रिकॉलची मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे 2012 पासून आहेत. गंभीर प्रकारात 72 तासांच्या आत माल परत घ्यावा असं त्यांत लिहिलंय. निकृष्ट ठरलेल्या बॅचेसची यादीही दर महिन्याला लागते. ऑगस्ट 2024 च्या यादीत टेल्मिसार्टन हे बीपीचं औषध होतं, जे आपल्याकडे घरोघरी चालतं. पण यादी लागेपर्यंत त्या बॅचच्या पट्ट्या बहुधा विकून, गिळून संपलेल्या असतात.

दुकानात काय होतं ते पाहा. ‘दहाच द्या’ म्हटलं की केमिस्ट कात्रीने पट्टी कापतो. बॅच नंबर पट्टीच्या एका टोकाला छापलेला, आणि ते टोक कधी दुकानातच राहतं. बिल मागितलं तर ‘कशाला हवंय?’ असा चेहरा. घरी आल्यावर आजोबा गोळ्या सकाळ-दुपार-रात्रच्या डबीत भरतात आणि उरलेली पट्टी कचऱ्यात जाते. उद्या ती बॅच परत मागवली, तर त्यांनी ओळखायची कशावरून? ऑगस्ट 2023 पासून 300 नामांकित ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यात बॅच आणि मुदत कळते. ती बॅच परत मागवली आहे का, हे सांगायची सक्ती नाही.

खरं तर फार नवं काही उभारायला नको. बिल करताना केमिस्टच्या कॉम्प्युटरमध्ये बॅच नंबर जातोच. घरपोच सेवेसाठी आपला मोबाइल नंबरही त्याच्याकडे असतो. सणासुदीला सवलतीचे मेसेज त्याच नंबरवर येतात. एखादी बॅच नापास झाली की आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तो बॅच नंबर दुकानांना कळवावा, आणि दुकानाने त्या बॅचच्या गिऱ्हाइकांना मेसेज धाडावा: गोळी मनाने बंद करू नका, पट्टी घेऊन या, डॉक्टरांना विचारून बदलून देतो. बदलीचा खर्च कंपनीचा. कापलेल्या पट्टीवर बॅच नंबर नसेल तर तो पाकिटावर लिहून देणं दुकानदाराचं काम. आणि हे मार्गदर्शक तत्त्वांत नको, कायद्यात हवं, न केल्यास दंडासकट.