ओहायोवरील पहिली आगबोट

आगबोट म्हटली की घरातील वडीलधाऱ्यांस कोकणचा किनारा व बोट लागल्याने झालेली फजिती आठवेल. आज आम्ही जिची हकीकत सांगणार आहोत ती आगबोट अमेरिकेतील नद्यांवरची, आणि तीत बसलेल्या बाईंस आठवा महिना होता.

रॉबर्ट फुल्टन याने १८०७ साली न्यूयॉर्क ते अल्बानी हे सुमारे १५० मैलांचे अंतर वाफेच्या बळावर ३२ तासांत तोडले. पण हडसन नदी त्या मानाने शांत. ओहायो व मिसिसिपी यांतून प्रवाहाबरोबर खाली जाणे सोपे, उलट वर येणे म्हणजे महिनोगणती वल्ही मारणे व दोर ओढणे. फुल्टनचा सहकारी निकोलस रूझवेल्ट याने पिट्सबर्ग येथे ‘न्यू ऑर्लिन्स’ नावाची बोट बांधविली आणि ऑक्टोबर १८११ मध्ये तो निघाला. बरोबर पत्नी लिडिया व लहानगी मुलगी. स्नेह्यांनी परोपरीने सांगून पाहिले; बाईंनी ऐकले नाही. त्याआधी १८०९ साली या मार्गाची पाहणी करण्यास त्या पतीसमवेत साध्या सपाट तळाच्या नावेतून जाऊन आल्या होत्या. यास हट्ट म्हणावे की धीर, हे वाचकांनी आपापल्या घरी ठरवावे!

लुइव्हिलला बोट मध्यरात्री पोचली. वाफ सुटल्याचा आवाज ऐकून गाव अंथरुणातून उठला. त्या वर्षी आकाशात मोठा धूमकेतू दिसत होता. तोच नदीत पडला असे कित्येकांस वाटले. बोट आली खरी, पण प्रवाहाविरुद्ध जाणार नाही, असे गावच्या प्रतिष्ठितांचे मत पडले. रूझवेल्टने त्यांस बोटीवर जेवावयास बोलाविले. जेवण रंगात असता एकाएकी घरघर सुरू झाली. मंडळी घाबरून वर धावली, तो बोट उलट दिशेने चाललेली!

पुढील खडकाळ उतारावर पाणी कमी, म्हणून मुक्काम लांबला. त्यातच लिडियाबाईंस मुलगा झाला. डिसेंबरात पाणी चढताच तान्ह्यास घेऊन त्या बोटीवरच राहिल्या व उतार पार झाला.

खरे संकट पुढेच होते. १६ डिसेंबरपासून न्यू मॅड्रिडच्या भूकंपाचे धक्के बसू लागले. काठ कोसळले, झाडे पात्रात आली, ओळखीच्या खुणा नाहीशा झाल्या. वाटाड्यासही मार्ग उमगेना. न्यू मॅड्रिड येथे काही लोक बोटीवर घेण्याची विनवणी करू लागले, तर काही तिलाच भिऊन पळाले. शिधा मोजका, आणि पुढे तो मिळण्याचा भरवसा नाही. विनवणाऱ्यांस काठावर सोडून बोट निघाली. एके रात्री ती एका बेटास बांधली होती. सकाळी पाहतात तो बेट नाही, दोर सरळ पाण्यात उतरलेला. त्या दिवसांत झोप, शिवण, वाचन काहीच होत नसे, असे लिडियाबाईंनी लिहून ठेविले आहे.

जानेवारी १८१२ मध्ये सर्व मंडळी न्यू ऑर्लिन्सला सुखरूप पोचली. ती बोट मात्र १८१४ साली पाण्यातील एका बुंध्यावर आपटून बुडाली.