'परत कधी जाणार?'

आखाती देशातून कायमचा परत आलेल्या माणसाला मोहल्ल्यात पहिला प्रश्न होतो तो 'परत कधी जाणार?' हा. 1997 साली भिवंडीत मलाही तोच झाला. पहिला आठवडा लोक प्रेमाने विचारत होते. महिनाभरानंतर प्रश्न तोच राहिला, पण स्वर बदलला. ज्याने हे सोसले आहे त्याला अधिक सांगायला नको.

मी 1992 मध्ये बावीस वर्षांचा असताना दुबईला गेलो. बर दुबईच्या कापड बाजारात एका सेठच्या दुकानी सेल्समन म्हणून लागलो. राहणे खाडीपलीकडे, देरा भागात. एका खोलीत आठ माणसे, एकावर एक असे पलंग, स्वयंपाकाची पाळी लावलेली. ज्याची पाळी असेल त्याने डाळ करपवली तर बाकीच्यांनी मुकाट्याने खायची, कारण उद्या आपली पाळी आहे. सकाळी अब्रा म्हणजे लाकडी होडीतून खाडी ओलांडून दुकानी जायचे, दुपारी एक ते चार दुकान बंद, मग रात्री दहापर्यंत उभे. पासपोर्ट सेठच्या तिजोरीत. जुम्म्याला कपडे धुणे आणि पत्र लिहिणे. अम्मीला वाचता येत नव्हते, म्हणून मी कॅसेट भरून पाठवत असे आणि तिची भरलेली कॅसेट येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती यायची. तिच्यात मागे लूमचा आवाज असायचा. तो ऐकला की झोप उडायची.

उर्दू शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याची तिथे भाषेवाचून अडचण झाली नाही. त्या बाजारात हिंदी-उर्दूवरच निम्मा व्यवहार चाले. अडचण आली ती घरी परतल्यावर, सरकारी कचेरीतले मराठी फॉर्म भरताना. पण ते असो.

त्या साडेचार वर्षांत मला जे मिळाले ते पगारापेक्षा मोठे होते, हे मला फार उशिरा कळले. अरब ग्राहक कंदुऱ्याचे कापड घेताना आधी पांढरेपणा उजेडात पाहतो, मग मुठीत चुरगाळून सोडतो आणि सुरकुती किती राहते ते पाहतो. या मालात जपानी कापडाचे नाव होते, आणि लोक जास्त भाव देऊन तेच घ्यायचे. आफ्रिकेतले व्यापारी गाठींच्या हिशेबाने माल उचलत. एका ताक्यात दोन वार कमी निघाले तर भांडण करत नसत, पुढच्या खेपेला शेजारच्या दुकानी जात. शेडचा फरक, पन्ह्याचा फरक, वारात मोजलेला माल मीटरमध्ये लिहिल्याने होणारा घोळ, हे सर्व मी रोज पाहत होतो.

परत आलो तेव्हा माझ्या ड्राफ्टच्या पैशातून मोठ्या भावाने सहा लूम घेतलेले होते. लूम त्याच्या नावावर, गाळा अब्बांच्या नावावर, आणि माझ्याकडे ड्राफ्टच्या पावत्या. भावाने बेइमानी केली असे मी म्हणत नाही. त्याच पैशातून बहिणीचे लग्न झाले, अब्बांचे ऑपरेशन झाले, आणि लूम चालवताना रात्री जागला तो भाऊच. त्याच्या मते मी पैसे 'घरासाठी' पाठवले होते. माझ्या मते 'लूमसाठी'. कागद एकही नव्हता. दोन वर्षे हिशेब चालला, आणि त्यातली एक ईद अशी गेली की आम्ही एकमेकांच्या दारी गेलो नाही.

भावाला मी म्हणालो की ताक्याची लांबी आणि पन्हा पक्का ठेवू, चांगले गिऱ्हाईक मिळेल. तो म्हणाला, "चार वर्षं कापड मोजलंस म्हणून आम्हाला लूम शिकवणार का?" त्याचेही अर्धे खरे होते. बीम, सायझिंग, सुताचा भाव, वीज गेल्यावर कारागिराला काय सांगायचे, यातले मला काही येत नव्हते. त्याला विणता येत होते, मला विकता येत होते. दोघांनी मिळून धंदा करायचा तर आम्ही वाटणी केली. माझ्या वाट्याचे दोन लूम विकून मी कापडाचे दुकान टाकले.

माझे मत असे की आपली घरे परत आलेल्याचा पैसा घेतात, त्याची नजर घेत नाहीत. आणि परत येणाराही पहिली दोन वर्षे पाहुण्यासारखा वागतो, खिसा मोकळा सोडतो, मग रुसून पुन्हा व्हिसा शोधतो. परतणे तर कोणालाच चुकत नाही, आणि दर वेळी ठरवून होते असेही नाही. 1990 मध्ये कुवेतमधून दीड लाखाहून अधिक भारतीय जवळजवळ रिकाम्या हाताने आले. 2020 मध्ये करोनात पुन्हा विमाने भरून माणसे आली.

तिथे असलेल्या मुलांना दोन-तीन गोष्टी सांगतो. अमिरातीत नोकरी सुटताना मिळणारी रक्कम मूळ पगारावर मोजतात, भत्त्यांवर नाही: पहिली पाच वर्षे वर्षाला 21 दिवसांचा, पुढे 30 दिवसांचा पगार. जुन्या कायद्यात पाच वर्षांच्या आत राजीनामा दिला की ती कापली जाई. मला दोन-तृतीयांशच मिळाली, सहा महिने थांबलो असतो तर पूर्ण मिळाली असती. 2022 पासूनच्या नव्या कायद्यात ती कपात राहिली नाही. परत आल्यावर एनआरई खाते तसेच चालू ठेवता येत नाही, बँकेला कळवावे लागते. आणि भागीदारी सख्ख्या भावाशी असली तरी लिहून, नोंदवून करा. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या पेढीचा भागीदार आपल्या करारातल्या हक्कासाठी दुसऱ्या भागीदारावर सहसा दावाही लावू शकत नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरात आहे, तो आपण जुम्म्याला ऐकतो आणि शनिवारी तोंडी व्यवहार करतो.

गेल्या वर्षी शेजारचा एक मुलगा शारजाहून परत आला. नऊ वर्षे तयार कपड्यांच्या गोदामात होता. त्याला मी 'परत कधी जाणार' असे विचारले नाही, 'गोदामात कोणता माल पडून राहायचा' असे विचारले. तो दोन तास बोलत होता. आता त्याचे थोडे पैसे माझ्या दुकानात आहेत, नफा-तोट्याचा हिस्सा दोन पानांवर लिहिलेला आहे आणि कागद रजिस्ट्रारकडे नोंदवलेला आहे. त्याच्या वडिलांना मात्र अजून वाईट वाटते की शेजाऱ्याने आपल्या मुलाकडून सही घेतली.