पाठीचा कणा आणि दुकानाची शिडी

खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात १९७४ पासून कंबरेखालची वा मानेखालची शक्ती गमावलेल्या जवानांची शुश्रूषा होते. तेथील प्रत्येकाला शत्रूची गोळी लागली असावी, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात रस्त्यावरचा अपघात किंवा साधे पडणेही जवानाला तेथे आणते. नागरी जीवनात तर हीच दोन कारणे मुख्य होत.

पाश्चात्य देशांत दीर्घकाळ मोटार अपघात या दुखापतीचे पहिले कारण राहिला. भारतात उंचावरून पडणे हे त्याच्या बरोबरीने, पुष्कळ ठिकाणी त्याच्याही पुढे आहे. खेड्यात झाड, विहीर आणि घराचे छप्पर. शहरात बांधकामाची परांची आणि कठडा नसलेली गच्ची. जखमी होणारा बहुधा वीस ते चाळीस वयाचा पुरुष, म्हणजे घरातला कमावता हात.

व्यापारी पेठेत यात आणखी एका जागेची भर पडते, ती म्हणजे दुकानाचा पोटमाळा. भवानी पेठ, नाना पेठ, रविवार पेठ येथील जुन्या दुकानांत माल वर आणि शिडी जवळजवळ उभी. नोकर एका हाताने खोके सावरतो, दुसऱ्याने शिडी धरतो. दिवाळीच्या गर्दीत तर तोही हात मोकळा राहत नाही. डोक्यावर पोते घेतलेला हमाल घसरला, तर त्याच्या मानेला स्वतःच्या शरीराबरोबर पोत्याचाही भार सोसावा लागतो.

मज्जारज्जू जेमतेम करंगळीइतका जाड असतो आणि कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. मानेत इजा झाली तर चारही अवयव जातात, कधी श्वासही. उंचावरून पायांवर किंवा बैठकीवर आपटणाऱ्याचा मणका मात्र बहुधा छाती आणि कंबर यांच्या सांध्यावर मोडतो; वरचा भाग बरगड्यांनी जखडलेला, खालचा लवचीक, आणि सारा धक्का त्या सांध्यावर येतो.

आघाताच्या क्षणी झालेली हानी बहुधा भरून येत नाही. परंतु पुढच्या काही तासांत सूज आणि रक्तपुरवठ्याचा अभाव यांनी ती वाढते, आणि मदतीला धावलेली माणसेही ती वाढवू शकतात. दोघांनी खांदे आणि पाय धरून उचलायचे, रिक्षात दुमडून बसवायचे, ही रीत सद्भावनेचीच, पण घातक. डोके व मान आहे त्या स्थितीत स्थिर धरून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. हलविणे अटळच असेल, तर अनेकांनी मिळून डोके, पाठ आणि कंबर एका रेषेत ठेवून जखमीला सपाट फळीवर घ्यावे. फळी दुकानात सहसा असतेच.

पूर्वी असे रुग्ण मणक्याच्या जखमेपेक्षा शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात रुग्णाची कूस ठराविक वेळाने बदलण्याची शिस्त बसविली आणि खेळालाही उपचारात स्थान दिले. त्याच रुग्णालयातल्या स्पर्धांमधून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले. एक गोळी मणक्याजवळ राहिली. उपचार म्हणून सुरू झालेल्या पोहण्याने त्यांना १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक मिळवून दिले. हे भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

प्रत्येक घराला पेटकर लाभत नाहीत. खर्च मात्र प्रत्येकाला लाभतो. कर्मचारी राज्य विम्याखाली नसलेल्या नोकराला कामावर कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर कायद्यानुसार नुकसानभरपाईचे दायित्व मालकावर येते. ते नोकराच्या वयावर आणि वेतनावर ठरते. नोंद वहीत नव्हती, ही सबब तेथे फारशी टिकत नाही. विनावेतन गल्ला सांभाळणारा मालकाचा मुलगा मात्र या कायद्याच्या कक्षेत बसत नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र अपघात विमाच हवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे संरक्षण मिळते, आणि दोन्ही पायांचा वापर कायमचा गेला तरी ते लागू होते. हप्ता १ जूनच्या सुमारास खात्यातून आपोआप वळता होतो. त्या दिवशी खात्यात वीस रुपये नसले, तर संरक्षण तेथेच खंडित होते.