रमाबाईंची मुद्रितं

लवळ्यात बसून हा अंक जुळवताना मत्तयाच्या शुभवर्तमानातला, तयार राहायला सांगणारा दहा कुमारींचा दृष्टान्त पुन्हा वाचला आणि केडगावच्या पंडिता रमाबाई डोळ्यांपुढे आल्या. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. स्वतःला ऐकू कमी येत होतं, अंगात त्राण उरलं नव्हतं. तरी हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलची मुद्रितं त्या तपासत राहिल्या. नुकतीच अक्षरं गिरवू लागलेल्या बाईलाही समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

तारण कृपेनं मिळतं, कष्टानं कमावता येत नाही, ही माझी श्रद्धा आहे. मग दृष्टान्तातली ती तयारी कशाची, असं तरुण वाचक विचारतात. त्यांच्यासाठी या अंकाची पहिली पानं रमाबाईंच्या भाषांतराला दिली आहेत.