पुलाखालचा पत्ता

अमेरिकेत मायामी आणि मायामी बीच यांना जोडणाऱ्या ज्युलिया टटल पुलाखाली २००६ पासून जवळजवळ चार वर्षे माणसे राहत होती. तंबू, फळ्या ठोकून उभी केलेली खोपटी, डोक्यावर रात्रंदिवस धडधडणारी वाहने. पायाला बांधलेले जीपीएस यंत्र चार्ज करायला वीज हवी, म्हणून जनरेटर. काहींच्या वाहन परवान्यावर पत्ता म्हणून हाच पूल छापलेला! लैंगिक गुन्ह्यांची शिक्षा भोगून सुटलेली ही माणसे. अशा माणसांनी शाळेपासून किती दूर राहायचे, याची फ्लोरिडा राज्याची मर्यादा १,००० फुटांची होती. मायामी-डेड परगण्याने २००५ मध्ये ती वाढवून २,५०० फूट केली. शाळांभोवती इतकी मोठी वर्तुळे नकाशावर काढल्यावर त्यांना परवडेल असे घर जवळपास उरलेच नाही. २०१० मध्ये वस्ती उठवली, तर काही वर्षांनी तंबू गोदामांच्या भागात पुन्हा उभे राहिले.

या माणसांची कीव यावी म्हणून आम्ही हे लिहीत नाही. ज्या लेकराच्या वाट्याला हा अत्याचार आला, त्याची शिक्षा पाच-दहा वर्षांत संपत नाही. आमचा सवाल त्या लेकरांसाठीच आहे: या फुटांच्या हिशेबाने एक तरी मूल वाचले का? सुटकेनंतर पुन्हा लैंगिक गुन्हा करून तुरुंगात आलेल्या २२४ जणांची प्रकरणे मिनेसोटा राज्याच्या तुरुंग खात्याने तपासली. २००७ च्या त्या अहवालात, अंतराच्या नियमाने टळला असता असा एकही गुन्हा सापडला नाही. अनेकांनी मुलाच्या आईशी किंवा घरच्या कुणाशी ओळख वाढवून उंबरठा ओलांडला होता.

आयोवा राज्यात २,००० फुटांच्या कायद्याविरुद्ध २००६ मध्ये खुद्द सरकारी वकिलांची संघटना उभी राहिली. या बंधनाच्या धास्तीने आरोपी कबुली देईनात, तडजोडीला तयार होईनात. कबुली नाही म्हणजे खटला, आणि खटला म्हणजे पीडित पोराला कोर्टात उभे करून सगळे पुन्हा वदवून घेणे. मुलांसाठी केलेल्या कायद्याचा भार असा मुलांवरच पडला.

आपल्याकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी २०१८ पासून आहे आणि ती फक्त तपास यंत्रणांनाच पाहता येते. हे योग्यच आहे. ती चव्हाट्यावर मांडा, अशा माणसांना गावाबाहेर काढा, ही मागणी प्रत्येक संतापजनक घटनेनंतर उठते. तो संताप आम्हालाही होतो. पण ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचे लोक रेल्वे रुळांवर उतरले, ते शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने लेकरांवर अत्याचार केल्याच्या आरोपामुळे. तिथे फाटकाबाहेरचे कितीही फूट काय कामाचे? शिपाई, स्कूलबसचा चालक, वसतिगृहाचा रखवालदार, कंत्राटदाराने पाठवलेला बदली माणूस, यांतल्या प्रत्येकाचे नाव कामावर घेण्याआधी पोलिसांकरवी त्या यादीशी ताडून पाहण्याची सक्ती सरकारने करावी. आणि मूल घरच्याच कुणाबद्दल काही सांगू लागले, तर त्याला गप्प बसवू नये.